भिंतीतला पाइप

१

तिला वाटलं होतं, बाबा भांडतील. परतीच्या प्रवासात तिने उत्तरं पाठ करून ठेवली होती. धुरावर एक, बॅटरीवर दोन, आणि "तुमच्या पिढीने काय केलं ते आम्ही निस्तरायचं का?" हे शेवटचं, अगदीच गळ्याशी आलं तर वापरायचं म्हणून राखून ठेवलेलं. तीन वर्षं परक्या देशात ऊर्जेचा अभ्यास करून ती घरी आली होती ती एवढ्यासाठीच: सुरुवात आपल्या घरापासून करायची. बाबा मात्र पेट्रोलच्या गाडीचं बॉनेट रविवारी आपल्या हाताने पुसणारे. ते काही सहजासहजी ऐकणार नाहीत, असा तिचा हिशेब होता.

झालं भलतंच. बाबांनी जुन्या गाडीची किल्ली खुंटीवरून काढून तिच्या हातात ठेवली.

"विकून टाक. नवी आण. गॅरेजमध्ये चार्जर लाव, नाहीतर रॉकेट लाव. मला काय!"

घोकलेलं सगळं फुकट गेलं. तिला आनंद व्हायच्या आधी थोडं फसल्यासारखंच वाटलं. मग बाबा म्हणाले, "फक्त एक. वायर बाहेरून न्यायची. भिंतीवरून, नव्या पाइपातून. भिंतीतल्या जुन्या पाइपाला हात लावायचा नाही."

"का?"

"चोंदलाय."

"तुम्ही बघितलंत?"

"मी सांगतोय ना."

बाबा कुठल्याही गोष्टीची तीन कारणं देणारे गृहस्थ. छत्री का घ्यावी यावरही ते पाच मिनिटं बोलत. आणि इथे एका शब्दात आटोपून ते उठून गेले, ते थेट अंगणातल्या कुंड्यांना पाणी घालायला. कुंड्यांना सकाळीच पाणी घालून झालं होतं.

२

घर लांबट होतं. एका टोकाला गॅरेज, मध्ये आत्याची खोली, दुसऱ्या टोकाला पुढच्या दाराचा बोळ आणि बोळात विजेचा बोर्ड. तिन्ही एका रेषेत. जुना पाइप गॅरेजच्या भिंतीत शिरून आत्याच्या पलंगाच्या उशाशी असलेल्या भिंतीतून बोर्डापर्यंत जायचा. निदान घर बांधणाऱ्याच्या नकाशात तरी तसंच होतं.

आत्या म्हणजे बाबांची मोठी बहीण. मुलगी चौथीत असताना तिची आई गेली तेव्हा आत्या पंधरा दिवसांसाठी म्हणून आली आणि राहिलीच. शाळेचा डबा, ताप, पहिली नापासाची चाचणी, विमानतळावरचा निरोप, सगळं आत्याने केलं. दोन महिन्यांपूर्वी आत्या जिन्यात पडली, खुब्याचं हाड मोडलं, आणि तेव्हापासून तिला खालच्या खोलीत हलवलं होतं. ती खोली एके काळी आईची होती.

वायरमन आला तो गुरुवारी सकाळी. पन्नाशीचा, चष्म्याला दोरी बांधलेला, भिंतींशी बोलायची सवय असलेला माणूस. गॅरेजची भिंत त्याने बोटांच्या पेरांनी वाजवली आणि म्हणाला, "चल बाई, दाखव तुझ्यात काय काय आहे." मग तिच्याकडे वळून, "तुम्हाला नाही ताई. हिला."

त्यालाच ते सापडलं. भिंतीत, कमरेएवढ्या उंचीवर, लाकडाचा एक गोल गुट्टा ठोकलेला. वरून रंगाचे चार-पाच हात.

"हा तर पाइप आहे की! सरळ बोर्डात जाणार. मग बाहेरून कशाला नाचायचं?"

"बाबा म्हणतात चोंदलाय."

"चोंदलेल्या पाइपाला कोणी बूच मारतं का?" तो हसला. "बाहेरून नेलं तर सोळा मीटर प्लास्टिक, चाळीस क्लिपा, भिंतीला चाळीस भोकं. आतून नेलं तर काहीच नाही. अकरा मीटर केबल, संपलं काम. तुम्ही म्हणाल तसं."

सोळा मीटर प्लास्टिक. ते कचऱ्यात गेलं की किती वर्षं तसंच राहतं, हे तिला तोंडपाठ होतं. येत्या सोमवारपासून ती कालच घरी आलेली बॅटरीवरची नवी गाडी घेऊन तीन महिने चाळीस शाळांमध्ये जाणार होती. गाडीच्या बॅटरीवर मुलांना पंखा चालवून दाखवायचा, पडद्यावर चित्रं दाखवायची आणि सांगायचं की आहे ते वापरा, नवं जाळू नका. तारखा ठरल्या होत्या. अशी मुलगी घरच्या भिंतीवर सोळा मीटर प्लास्टिक ठोकून घेणार? बाबा आत्याची औषधं आणायला बाहेर पडले होते. तासभर तरी येणार नव्हते.

"काढा तो गुट्टा," ती म्हणाली.

३

पद्धत अशी. वायरमन गॅरेजमधून पाइपात पोलादी पट्टी ढकलणार. लवचिक, लांबच लांब. तो तिला स्प्रिंग म्हणत होता. ती बोळात बोर्डाशी उभी राहणार. टोक आलं की धरायचं आणि ओढून झटके द्यायचे. मग तो आपल्या टोकाला केबल बांधणार आणि ती ओढून घेणार.

"दोन झटके," त्याने बजावलं. "एक नाही. एक झटका वाटेतल्या खाचेचाही बसतो. तीन म्हणजे काहीतरी बोंब आहे. दोन म्हणजे पलीकडे माणूस आहे."

बोर्डाचं झाकण उघडून ती उभी राहिली. पाइपाचं तोंड काळं, बोट जाईल एवढं. मिनिट गेलं. दोन गेली. खोलीतून हाक आली.

"टिटवे! अगं कानातलं बंद पडलं गं माझं. सेल बदल की."

लहानपणी फार ओरडायची म्हणून आत्याने तिचं नाव टिटवी ठेवलं होतं, ते अजून सुटलं नव्हतं. ती आत गेली. उशाशी बसून तिने ऐकण्याच्या यंत्रात वाटाण्याएवढा नवा सेल घातला, आत्याच्या कानाला लावला. तेवढ्यात भिंतीत खरखर झाली. पट्टी पुढे सरकत होती, अगदी पलंगाच्या वर. मग थांबली.

आणि गॅरेजमधून वायरमनचा आवाज आला, "मिळालं! बांधतो हं केबल!"

"दादा, थांबा! मी इथे आहे!"

त्याला ऐकू गेलं नाही. भिंतीत नवा आवाज सुरू झाला. कोरडा, लांब, न तुटणारा. केबल आत येत होती. एक हात, मग दुसरा हात, मग पुन्हा पहिला, अशी दोरी ओढावी तशा ठेक्यात.

ती धावत बोळात गेली. बोर्डाशी कोणी नव्हतं. पाइपाच्या तोंडातून काहीही बाहेर आलेलं नव्हतं. तिने बोट घातलं. आत गार होतं, एवढंच. आणि मागे खोलीच्या भिंतीत तो ठेका चालूच होता.

"ताई, हळू! बोटं जातील माझी!" वायरमन ओरडून हसत होता. मग त्याचं हसणं थांबलं.

गॅरेजमध्ये तो केबलच्या भेंडोळ्याकडे बघत उभा होता. पंचवीस मीटरचं भेंडोळं. आता त्यात जेमतेम तीन वेटोळी उरली होती.

"एवढं कशाला ओढलंत?"

"मी ओढलंच नाही. मी आत्याजवळ होते."

"दोन झटके दिलेत की. चांगले खणखणीत."

"दादा, मी नाही."

"मग बाबा आले असतील."

"नाहीत आले."

तो आत्याच्या दारापर्यंत गेला आणि उंबऱ्यातूनच विचारलं, "आत्याबाई, तुम्ही तर नाही ना हात घातलात?"

आत्याला भारी हसू आलं. "मी? अरे बाबा, मला कुशीवर वळायला माणूस लागतं!"

दोघांनी मिळून केबल मागे ओढून पाहिली. जराही हलली नाही. अडकलेली वस्तू थोडी तरी लवते. ही ताणलेली होती. वायरमन तिच्याकडे तिरक्या नजरेने बघत होता, आणि तिच्या लक्षात आलं की आपणही त्याच्याकडे तसंच बघतो आहोत. उरलेली केबल त्याने चार्जरच्या डब्याला जोडली, डबा भिंतीवर बसवला, आणि म्हणाला, "आत कुठेतरी गुंता झाला असणार. उद्या जोडीदाराला आणतो. बोर्डाकडचं टोक उद्याच जोडू." चहा समोर आला होता, तो न घेताच निघाला. सकाळी हाच माणूस म्हणाला होता की आपण दोन कप घेतल्याशिवाय कुठल्या घरातून हलत नाही.

४

बाबा आले, गॅरेजमध्ये गेले आणि तिथल्या स्टुलावर बसले. ती ओरडण्याची वाट बघत होती. ते ओरडले नाहीत.

"त्याला सांग, काढून टाक म्हणावं," ते म्हणाले. "ओढून काढायची. कापायची नाही."

"येत नाहीये ओढून."

"मग प्रयत्न करा म्हणावं."

"बाबा, काय आहे त्या पाइपात?"

"पाइपात काय असणार? हवा." आणि औषधांची पिशवी उचलून ते आत गेले.

संध्याकाळी ती गाडीतली पिशवी आणायला गेली तेव्हा तिला दिसलं. चार्जरचा हिरवा दिवा लागला होता.

ती हसलीच आधी. केबलचं दुसरं टोक कशालाच जोडलेलं नव्हतं. तिने वायरमनला फोन लावला. "ताई, सकाळपासून माझी चेष्टा चाललीय का?" तो म्हणाला आणि ठेवून दिला. तिने बोळात जाऊन घराचा मुख्य खटका पाडला. पंखे थांबले, फ्रीज थांबला, आत्या आतून ओरडली. गॅरेजमधला दिवा हिरवाच राहिला.

शिकलेलं डोकं लगेच कामाला लागलं. म्हणजे पाइपात आधीचीच एखादी जिवंत लाइन आहे. केबल तिला जाऊन भिडली. म्हणजे कोणीतरी ती टाकली. म्हणजे...

"बाबा, खरं सांगा. चोरीची लाइन आहे का ही?"

बाबांना हसू फुटलं, पण ते बरं हसू नव्हतं. "चोरीची! बरं झालं असतं तशी असती तर."

तिने गाडीला चार्जरची नळी लावली. फक्त तपासायला, असं तिने स्वतःला बजावलं. गाडीच्या पडद्यावर एक्केचाळीस टक्के होते. आकडा बघता बघता बेचाळीस झाला. दुसऱ्या दिवशी सकाळी शहाऐंशी होता. विजेचा मीटर जिथल्या तिथे. एकीकडे तिला संताप येत होता, आणि दुसरीकडे, कबूल करायला लाज वाटावी इतकी, ती खूश होती.

५

शुक्रवारी ती दिवसभर गाडी फिरवून आली. पहिल्या शाळेचा रस्ता बघितला, मुख्याध्यापिकेला भेटली, परत येऊन नळी लावली. शनिवारी सकाळी नव्याण्णव टक्के.

त्याच सकाळी आत्याच्या कानातला सेल संपला.

"परवाच घातला की मी!"

"माझ्याकडे काय बघतेस? मी काय खाल्ला?" आत्या म्हणाली. पण आवाजात जोर नव्हता. सेल बदलला, तो दुपारी गेला. उशाजवळची विजेरी लागेना. भिंतीवरचं घड्याळ शुक्रवारी पावणेआठला थांबलेलं, हे कोणाच्या लक्षातही आलं नव्हतं. गाडीला नळी लावली होती ती पावणेआठलाच.

योगायोग, ती मनाशी म्हणाली. दोन गोष्टी एका वेळी घडल्या म्हणून एकीमुळे दुसरी घडत नाही. पहिल्याच वर्षी हे शिकवतात.

आत्या दहापर्यंत झोपून राहिली. जी बाई पहाटे उठून सगळ्यांना उठवायची. हात गार, ओठ फिके. तिने शेक दिला, दोन पांघरुणं घातली.

"कोणीतरी ओढतंय गं," आत्या डोळे मिटूनच म्हणाली.

"पांघरूण?"

"नाही गं. पांघरूण ओढलं की अंग उघडं पडतं. हे आतून."

डॉक्टर येऊन गेले. नाडी मंद, रक्तदाब कमी, बाकी काही नाही. वय आहे, म्हणाले. ते गेल्यावर तिने एक गोष्ट केली, जिची आठवण तिला पुढे नको वाटायची. बाबांनी आणलेल्या औषधांची प्रत्येक पट्टी काढून तिने चिठ्ठीशी ताडून पाहिली. बाबा दारात उभे होते. त्यांनी सगळं पाहिलं. पट्ट्या सगळ्या बरोबर होत्या.

मग ती गॅरेजमध्ये गेली आणि नळी काढली.

६

वायरमनचा जोडीदार आलाच नाही. शनिवारी दुपारी तो एकटाच आला, तोही तिने चार वेळा फोन केल्यावर. त्याच्याकडे नळांत घालून बघायचा कॅमेरा होता, दोरीसारख्या लांब तारेच्या टोकाला बसवलेला, चित्र फोनवर दिसणारं. "बघायचं असेल तर बघा. मी ढकलतो, बघत नाही," तो म्हणाला. त्याच्या भिंतींशी चालणाऱ्या गप्पा आज बंद होत्या.

फोनवर पाइपाची गोल भिंत, धूळ, आणि मधोमध त्यांची केसरी केबल. मीटर, दोन मीटर, पाच, दहा. मग पाइपाचं बोर्डाकडचं तोंड जिथे यायला हवं होतं तिथे ते आलं नाही.

"किती गेला?"

"बारा."

अकरा मीटरच्या आत तर बोर्ड यायला हवा होता. कॅमेरा पुढे जातच होता. गोल भिंत मागे पडली. उजेडाला आता कडाच सापडत नव्हती. केबल मात्र दिसत होती. आणि तिच्या शेजारी दुसरी. करड्या रंगाची, पातळ. पलीकडे सुती वेष्टणाची एक, कसर लागल्यासारखी. त्याच्याही पलीकडे नुसती तांब्याची तार, काळी पडलेली, आणि तिच्या मागे एक दोर, ज्यात तार नव्हतीच. सगळ्या एकाच दिशेने जाणाऱ्या. सगळ्या ताणलेल्या. एकीलाही झोळ नाही.

हे घर जुनं होतं, पण इतकं जुनं नव्हतं.

तिने डोळे बारीक केले. उजेडाच्या अगदी टोकाला, जिथे त्या सगळ्या एकत्र येत होत्या, तिथे काहीतरी हललं. एकदा. आणि तशाच रीतीने पुन्हा एकदा.

वायरमनने हातातली तार सोडून दिली.

"लागलं तुम्हाला?" तिने विचारलं.

"ताई," तो आपल्या तळव्याकडे बघत म्हणाला, "मी तीस वर्षं वायर ओढतो. पलीकडून आलेला हात मला कळतो. त्या दिवशीही कळला होता. मी मुद्दाम तुमच्यावर ढकललं." कॅमेरा त्याने परत घेतला नाही. घ्यायला गेला असता तरी आला असता की नाही, कोण जाणे.

७

रविवारी आत्या उठलीच नाही. नळी काढून रात्र उलटली होती, तरी ती परत भरून येत नव्हती. हाक मारली की पापण्या हलायच्या, तेवढंच. दुपारी इस्पितळात हलवायचं ठरलं. वाट लांबची, शनिवारी तिथे चौकशीला जाऊन आल्याने गाडी अर्धी रिकामी, आणि घरच्या चार्जरला हात लावायची तिची छाती नव्हती. ती मोठ्या रस्त्यावरच्या सार्वजनिक चार्जरवर गेली, गाडी पूर्ण भरून घेतली, परत आली.

आणि गॅरेजमध्ये शिरताच, डोकं आत्यापाशी, हात आपले सवयीने चाललेले, तिने नळी लावली. लक्षात आलं तेव्हा काढायला वळली, तोच आतून भांड्याचा आवाज आला.

"टिटवे! पाणी दे गं. घसा नुसता कोरडा पडलाय."

आत्या उशीला टेकून बसली होती. गालांवर रंग. ती उभ्या उभ्याच आत्याच्या गळ्यात पडली आणि आत्या म्हणाली, "अगं, मेले की काय मी मधल्या वेळात? रडतेस काय!"

तासाने तिने गाडीचा पडदा पाहिला. शंभरचे बाहत्तर झाले होते.

हे तिला समजलं, आणि समजलं म्हणूनच ती जास्त घाबरली. दोन भांडी नळीने जोडली की भरलेल्यातलं रिकाम्यात जातं. गाडी रिकामी होती तेव्हा आत्यातून गाडीत आलं. गाडी भरलेली तेव्हा गाडीतून आत्यात. साधा नियम. लहान मुलालाही पटेल. पण गाडीच्या अठ्ठावीस टक्क्यांत एक अख्खं घर दिवसभर चालतं. आत्याला मिळालं होतं ते उशीला टेकून बसण्याइतकं, पाणी मागण्याइतकं. मधलं सगळं कुठे गेलं?

संध्याकाळी तिने बाबांना अंगणात गाठलं. पाण्याची झारी त्यांच्या हातातून काढून घेतली.

"वायरमनला कापायला बोलावू?"

"नाही."

"का नाही?"

बाबांनी कुंडीतली माती बोटाने उकरली. "त्या खोलीत टेलिफोन हवा होता तुझ्या आईला," ते म्हणाले. "पडल्या पडल्या बोलता यावं म्हणून. तेव्हा थोडी आजारी होती, फार नाही. टेलिफोनवाल्याने वायर त्याच पाइपातून टाकली. म्हणाला, फार लागली हो तुमच्याकडे. करडी वायर होती. मी हसलो."

तिला कॅमेऱ्यात दिसलेली करडी वायर आठवली.

"मग ती दिवसेंदिवस... तू चौथीत होतीस, तुला आठवत नसेल. फोन जोडलेलाच नव्हता अजून, आणि तो वाजायचा. मला उशिराच का होईना, पण डोक्यात प्रकाश पडला. मी पक्कड घेतली आणि कापली. गॅरेजमध्ये, अगदी भिंतीलगत. टोक माझ्या डोळ्यांदेखत आत गेलं."

"आणि आई?"

"दुपारी चारला कापली मी," बाबा म्हणाले. "चारलाच गेली."

घरातून आत्याचा आवाज येत होता. ती गुणगुणत होती, सूर थोडा हललेला. बाबांनी झारी परत मागून घेतली आणि रिकाम्या झारीने कुंडीला पाणी घातल्यासारखं करत राहिले.

८

सोमवारी सकाळी सहाला गाडीत चोवीस टक्के उरले होते. आत्या जागी होती, पण सेल बदलून देऊनही तिला नीट ऐकू येत नव्हतं. "आज जाणार ना तू शाळांना?" तिने विचारलं. "माझी काळजी करू नकोस हो. मी आता ठणठणीत आहे."

"जाते," ती म्हणाली. "आधी जरा गाडी भरून आणते."

रस्त्यावर आल्यावर तिने मुख्याध्यापिकेला फोन लावला. पहिलं वाक्य तिने मनात तीनदा जुळवलं होतं, तरी प्रत्यक्षात अडखळलीच. गाडी येणार नाही, म्हणाली. आज नाही, आणि पुढेही नाही. हो, चाळीसही शाळा. दुसरं कोणीतरी येईल, आपण सगळी माहिती लिहून पाठवू, मुलांना दाखवायची चित्रंसुद्धा. "गाडी बिघडली का?" पलीकडून काळजीने विचारलं. "नाही," ती म्हणाली, "गाडी घरीच लागणार आहे."

चार्जरवरचा माणूस नुकताच कुलूप काढत होता. तिने सकाळी सातची वेळ मागितली.

"उद्याची?"

"रोजची."

"एवढं कुठं फिरता हो ताई?" तो हसत म्हणाला.

नळी लावून ती पडद्यासमोर उभी राहिली. पूर्ण भरायला चाळीस मिनिटं, घरी पोचायला पंधरा. चोवीसपर्यंत उतरायला अख्खी रात्र लागली होती, पण काल पहिल्या तासात अठ्ठावीस गेले होते आणि आज पहाटेच्या तासात एकतीस. तिने वहीच्या नव्या पानावर दोन्ही आकडे एकाखाली एक लिहिले. मग त्या माणसाला हाक मारून संध्याकाळी सहाचीही वेळ मागून घेतली.